सोमवार पाळणारी घटपर्णी

माझ्या हातून झाडं मरतात, हे आमच्या घराण्यात सर्वांना ठाऊक आहे. घराणं म्हणजे सासरचं. माहेरी झाडंच नव्हती, त्यामुळे मरायचा प्रश्न आला नाही. माझे वडील बेळगाव जिल्ह्यातून डिचोलीला कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. आम्ही वाढलो भाड्याच्या दोन खोल्यांत. दाराबाहेर जी हातभर जागा होती तिथे चपला असायच्या. कुंडी ठेवली असती तर चपला डोक्यावर घ्याव्या लागल्या असत्या. अशी मी लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या पार्सेला आले, ते थेट अशा घरात, जिथे नव्या सुनेला आधी माड दाखवतात आणि मग माणसं. हा गोड्या शहाळ्यांचा, हा वाकडा पण भरपूर देणारा, ती वरच्या अंगाला काजूची बाग, आणि हो, हे तुझे चुलतसासरे.

लग्न वैशाखात झालं. रोज सकाळी आंघोळ करून अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं, हे मला मिळालेलं पहिलं काम. मी ते इतक्या भक्तीने केलं की तेवढी भक्ती नंतर नवऱ्याच्याही वाट्याला आली नाही. आणि कार्तिकात, तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, वृंदावनाला नवा चुना काढून झालेला, पाहुण्यांना निरोप गेलेले, तेव्हा ती तुळस वाळायला लागली. चार दिवसांत पानं करपून खाली आली. मांडव तयार आणि नवरीच गेली.

मला कुणी रागावलं नाही. आजेसासू तेव्हा हयात होत्या. त्यांनी एकदा तुळशीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे, तेवढं मला पुरलं. शेजारच्या बायका आपसात म्हणाल्या, घाटावरचा हात, त्याला काय गूण असणार. सासूबाई तर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी घाईघाईने दुसरं रोप आणून लावलं, आणि त्याला पाणी घालायला मी तांब्या उचलला तेव्हा तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. म्हणाल्या, "तू राव गे, मी घालतंय."

हे वाक्य मी पुढे बावीस वर्षं ऐकलं. इतक्या मऊ आवाजात की त्यावर भांडताही येईना. शिवी दिली असती तर मी दुप्पट परत केली असती, माझी जीभ घाटावरचीच आहे. पण मऊ वाक्याला काय उत्तर देणार? आम्ही डिचोलीला फ्लॅट घेतला, तरी दर तुळशीच्या लग्नाला पार्सेला जायचं आणि मी स्वयंपाकघरात फोव, म्हणजे पोहे, कालवायचे, हे ठरून गेलं. रोप माझी मोठी जाऊ लावायची, पाणी सासूबाई घालायच्या. मी गुळाचे फोव, दुधाचे फोव, ताकाचे फोव करायचे. गोडाधोडाला माझ्या हाताला गूण होता म्हणे.

आणि पाण्याशी तर माझं पोट बांधलेलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पाणी तपासते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार किती, चुना किती, हे रोज सकाळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. चुना जास्त झाला की नळ्यांत खपली धरते आणि बॉयलर खर्चात पाडतो. तेव्हा चुन्याशी माझं वीस वर्षांचं वैर. हे आताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि त्याच्या खोलीतली पूर्वेची खिडकी रिकामी झाली. तिथे काहीतरी ठेवावं असं मनात आलं, आणि त्याच सुमाराला फोनवर मला घटपर्णी दिसली. पानाच्या टोकाला देठ, देठाला लोंबकळणारी सुरई, सुरईवर झाकण. आत गोडसर पाणी. मुंगी येते, घसरते, आत पडते आणि झाड तिला सावकाश पचवतं. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, इतकी वर्षं मी झाडं मारतेय, हे झाड जीव मारतंय, आमचं जमेल. नवरा म्हणाला, घरात आधीच एक आहे, दुसरी कशाला. मी त्याच दिवशी मागवली.

ती केरळातून खोक्यातून आली, ओल्या शेवाळात गुंडाळलेली, वीतभर उंच, सुरई एकही नाही. वाटेत वाळून गेलेल्या. त्या दिवशी मी खिडकीसमोर उभी राहून मनाशी ठरवलं की ही जगवायची. आयुष्यात एक झाड माझ्या हातून जगलेलं मला बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर सासूबाईंना दाखवायचं होतं. बाकी काही नाही. मीठमसाला लावून सांगण्यात अर्थ नाही, एवढंच हवं होतं.

घटपर्णीचं सगळं उलटं असतं. तिला माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि शेवाळ, बस. खत तर अजिबात नको, कारण ती मुळात अशा रानातली आहे जिथे जमिनीत काही कस नाही, म्हणून तर बिचारीला मुंग्या धरून खायची पाळी आली. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं ऊन अंगावर नको. हवा दमट हवी, नाहीतर पानं येतात पण सुरई धरत नाही, टोक वाळून जातं. आणि पाणी पावसाचं हवं. नळाच्या पाण्यातले क्षार तिला सोसत नाहीत, मुळं हळूहळू भाजून निघतात. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. जगात असं एक झाड होतं ज्याला बॉयलरसारखं पाणी लागतं.

चैत्रात पाऊस कुठला? साहेबांना विचारून मी प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याची बाटली डब्याच्या पिशवीतून घरी आणायचे. ती पुरेना तेव्हा एसीच्या नळीखाली बालदी ठेवली. त्यामुळे आमच्याकडे उकाडा झाला म्हणून एसी लागत नसे, झाडाचं पाणी संपलं म्हणून लागत असे. नवऱ्याला हे फार आवडलं. कुंडीखाली मी परातीत खडे पसरून त्यात पाणी ठेवलं, म्हणजे कुंडी बुडणार नाही पण हवा दमट राहील. खनिजाचे ट्रक रस्त्याने जायला लागले की डिचोलीत लाल धूळ घरात शिरते, ती पानांवर बसायची. दर रविवारी मी प्रत्येक पान ओल्या फडक्याने पुसायचे. नवरा एकदा म्हणाला, माझा चष्मा इतक्या प्रेमाने कधी पुसला नाहीस. मी म्हटलं, चष्म्याने कधी मुंगी खाल्ली नाही.

मृगात पहिली सुरई धरली. पानाच्या टोकाला तांदळाएवढा फुगवटा, मग चिंचोक्याएवढा, मग बोटाएवढा, आणि एका सकाळी झाकण उघडलेलं. आत चमचाभर पाणी होतं, तिचं तिनेच केलेलं. आपण त्यात काही ओतायचं नसतं. मी त्या दिवशी कामावर अर्धा तास उशिरा पोचले आणि कारण खरं सांगितलं. श्रावणापर्यंत चार झाल्या, हिरव्या अंगावर तांबडे ठिपके असलेल्या. मी फोटो काढून जावेला पाठवला. तिने उलट विचारलं, ही भाजी कशी करतात?

गणपतीची चवथ झाली आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. गुडघ्याला मशीन लावायला रोज दवाखान्यात जायचं होतं, पार्सेहून ते जमणारं नव्हतं. तुळशीच्या लग्नापर्यंत मुक्काम. येताना चार नारळ, कोकमाची सोलं, सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, आणि स्वतःचा विळा घेऊन आल्या. त्यांना मुलाची खोली दिली. म्हणजे घटपर्णी आणि त्या एकाच खोलीत. पहिल्याच सकाळी त्या खिडकीशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. सासूबाई खिडकीला जनेल म्हणतात, आणि जगात इतकी झाडं असताना जनेलात हे बुडकुली लावलेलं झाड सुनेने का आणलं, हे त्यांना कळेना. छोट्या मातीच्या मडक्याला पार्सेला बुडकुली म्हणतात, आणि मला कबूल करावं लागेल की सुरईपेक्षा तो शब्द बरोबर बसतो.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हे झाड मुंग्या खातं, माशा खातं, मांसाहारी आहे. त्या म्हणाल्या, बरं. मग बोटाने एका बुडकुलीचं झाकण उचलून आत डोकावल्या आणि पुन्हा म्हणाल्या, बरं. मला वाटलं विषय संपला. सासूबाईंच्या 'बरं'वर विषय कधी संपत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दहा-बारा दिवसांत पहिली सुरई काळी पडली. म्हटलं, म्हातारी झाली असेल, तीही कधीतरी वाळायचीच. मग दुसरी. मग पानांच्या कडा करपायला लागल्या, नवीन टोकं फुगायच्या आधीच वाळायला लागली. खोलीत एक विचित्र वासही यायला लागला. नवऱ्याचा संशय गटारावर होता. मी मात्र ते करपणं ओळखलं. अगदी तसंच, कडेकडेने आत जाणारं. मी पुन्हा वृंदावनासमोर उभी होते, नव्या साडीत, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाई आता इथेच खोलीत बसून हे झाड मरताना बघणार, आणि मऊ आवाजात काहीतरी म्हणणार. ते मला सोसलं नसतं.

मग मी माझी नोकरी कामाला लावली. पेनाएवढा मीटर असतो, पाण्यात बुडवला की क्षारांचा आकडा दाखवतो. रोज संध्याकाळी मी कुंडीत पावसाचं साठवलेलं पाणी ओतायचे आणि खालून गळणारं पाणी मोजायचे. ओतलेल्या पाण्यात दहा, गळलेल्यात सातशे. बॉयलरमध्ये असा आकडा आला असता तर मी शिट्टी वाजवली असती. भरपूर पाणी ओतून कुंडी धुऊन काढली की आकडा खाली यायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा वर. कुणीतरी रोज कुंडीत काहीतरी घालत होतं. मी वहीत तारीख, वार, आकडा लिहायला सुरुवात केली. नवऱ्याची चौकशी केली. उरलेला चहा ओततोस का, हात धुतोस का? त्याने देवाची शपथ घेतली, तीही हसत हसत, त्यामुळे मला ती खरी वाटेना.

नवरात्र लागलं आणि आकडा पडला. पहिल्या दिवशी वर गेला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नऊच्या नऊ दिवस नाही. एका टोकाला हिरवा फुगवटासुद्धा आला. मी आनंदाने देवीला जादा नारळ वाढवला. दसरा झाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटर बुडवला, साडेसहाशे. मी वही घेऊन जेवणाच्या मेजावर बसले आणि मागची पानं काढली. एक वार दर आठवड्याला स्वच्छ होता. सोमवार. सोमवारी आकडा कधीच वर गेला नव्हता. नऊ दिवस नवरात्र आणि सगळे सोमवार. स्वयंपाकघरात तळलेल्या बांगड्यांचा वास येत होता, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्याकडे सोमवारी नुस्तं, म्हणजे मासे, करत नाहीत. नवरात्रात तर घरात येतसुद्धा नाही.

आता हे गोव्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पार्सेच्या घरात मासे धुतलेलं पाणी कधी फुकट जात नाही. ते मिरचीला, कढीलिंबाला, माडाच्या मुळाशी जातं, आणि त्यावर झाडं अशी माजतात की बघत राहावं. ते पाणी मोरीत ओतणं म्हणजे सासूबाईंच्या लेखी अन्न उकिरड्यावर टाकणं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे ना मिरची ना माड, त्यांनी ते पाणी कुठे नेलं असेल? मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि न सांगता घरी राहिले. सकाळी स्कूटरवरचा मासेवाला भोंगा वाजवत आला, सासूबाईंनी तारले घेतले, विळ्यावर साफ केले, तीनदा धुतले, आणि त्या पाण्याची वाटी दोन हातांनी धरून, दुखऱ्या गुडघ्याने, एक एक पाऊल टाकत मुलाच्या खोलीकडे निघाल्या. मी दाराआड उभी. त्यांनी पाणी मुळाशी बेताबेताने ओतलं. मग पदराखालून कुलेर, म्हणजे चमचा, काढली आणि एका बुडकुलीचं झाकण उचलून आत सोललेलं सुंगट सोडलं. वर झाकण थोपटलंही.

मी पुढे झाले. सांगते, मला हसू येत होतं आणि भयंकर रागही येत होता, आणि जिंकला राग. मी आवाज चढवला. तुम्हाला सांगितलं होतं ना, ह्याला खत चालत नाही, मीठ चालत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघताय ना कसं करपलंय ते. सासूबाई जराही गडबडल्या नाहीत.

"मास खाता आणि नुस्त्याचा पाणी चलना नाय? ह्या खयचा शास्त्र?" त्या म्हणाल्या.

 मी म्हटलं, मग सोमवारी का नाही घातलंत? त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. सोमवारी घर उपाशी आणि झाड नुस्तं खाणार? घरात राहायचं तर घराचं पाळायला नको? आणि मग, जरा खालच्या आवाजात, झाड आजारी दिसत होतं, तू रोज संध्याकाळी ते काठीसारखं काहीतरी बुडवून तोंड पाडून बसतेस, तुझ्या हातून हे तरी जगावं म्हणून रोज थोडं जास्तच घालत होते, असं त्यांनी सांगितलं.

हे तरी. त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या हातून एक तुळस गेली ती बावीस वर्षं पुरली, आता हेही माझ्याच नावावर लागणार. हे माझ्या हातून मरत नाही, आई. क्षारांनी मरतंय. मीठ म्हणा, चुना म्हणा, मुळाशी गेला की मुळं भाजतात, ह्यात हाताचा गूण कसला आलाय? मी मीटर दाखवला, वही दाखवली. त्यांनी ती बघितली नाही. कुलेर हातात तशीच.

"चुन्यान मुळां भाजतत?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं.

"तुळशीची पण?"

सगळ्यांचीच, मी म्हटलं, आणि कुंडी उचलून मोरीत नेली. सगळी घाण सोडणं काढून टाकली, मुळं धुतली, काळी पडलेली कापली. राहिली ती बोटभर मुळं आणि तीन पानं. ताज्या सोडणाच्या तुकड्यांत लावली. कुजलेली सुंगटं काढताना नवऱ्याला हाक मारून वास घ्यायला लावला आणि गटाराची माफी मागायला सांगितली. सासूबाई जेवायला बसल्या पण जेवल्या नाहीत. मला वाटलं, मी ओरडले म्हणून. थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही वाटलं.

चार दिवस त्या तशाच होत्या. माशांचं पाणी आता एका डब्यात भरून ठेवायच्या आणि माझ्या नवऱ्याला खाली पाठवायच्या, इमारतीच्या कुंपणाजवळ एक कढीलिंब आहे त्याला घालायला. तो निमूट जायचा. पाचव्या दिवशी सोमवार होता. मी कामावरून आले, तर त्या घटपर्णीच्या समोर खुर्ची घेऊन बसलेल्या. मला म्हणाल्या, बस. मी बसले.

"ती तुळस तुज्या हातान मरूक नाय," त्या म्हणाल्या. "मियां चुन्याचा पाणी वतलंय तिच्या बुडात. मुंगयो जातीत म्हणान."

वृंदावनाला चुना काढून झाल्यावर बालदीत तळाला राहिलेलं पाणी. मुळाशी मुंग्यांचं वारूळ होऊ लागलं होतं, चुन्याने मुंग्या जातात, आणि चुना फुकट कशाला घालवायचा. दुसऱ्या दिवशी पानं मान टाकायला लागली तेव्हाच त्यांना कळलं. त्यांनी वरची पांढरी माती खरवडून काढली आणि नवी पसरली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्या गप्प राहिल्या. मी विचारलं, का? 

"माजी सासू जिती होती गे. मी भियालंय."

मी उठले.  स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले. बावीस वर्षं. बावीस वेळा फोव कालवले मी. माहेरी कुंडी मागितली नाही, मुलाला शाळेतून मिळालेलं रोप शेजाऱ्यांना दिलं, कुणाच्या बागेत गेले तर हात पाठीमागे बांधून फिरले, आणि चुना. मी, जी रोज सकाळी चुना मोजते. नवरा आत आला आणि म्हणाला, जाऊ दे, बावीस वर्षं झाली आता. मी त्याला इतकंच सांगितलं की आजचा दिवस ह्या विषयावर बोलशील तर तुझंही मूळ भाजेल. तो टीव्हीकडे गेला.

दोन दिवस मी सासूबाईंशी बोलले नाही. चहा ठेवला, औषध दिलं, गुडघा शेकला, बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं की आता काय करू? खरोखर विचारलं, नाटक नव्हतं. त्यांचं वय झालं आहे, त्या माझ्यापुढे खुर्चीवर ताठ बसून शिक्षेची वाट बघत होत्या. मला दया आली, पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

"घरात सांगून काय उपयोग, आई?" मी म्हटलं. "तुळस अंगणात मेली. अंगणात सांगा."

त्या म्हणाल्या, बरं.

तुळशीच्या लग्नाला आम्ही पार्सेला गेलो, तोपर्यंत घटपर्णीच्या एका टोकाला मुगाएवढा फुगवटा आला होता. निघताना सासूबाईंनी चष्मा लावून तो बघितला आणि एसी चालू ठेवायचा का, हे मला विचारायला नवऱ्याला सांगितलं. मी नको म्हटलं.  वाटभर मी एकच हिशेब करत होते. म्हटलं, ऐनवेळी म्हातारी पाय मागे घेणार, आणि मी पुन्हा फोव कालवणार, आणि मग मी काय करेन ते मला सांगता येत नाही.

संध्याकाळी अंगण सारवून तयार होतं. वृंदावनाला ऊस बांधलेले, नवरदेव म्हणून दिण्याची काठी, आवळे, चिंचा, आणि कोरं रोप एका करवंटीत बाजूला ठेवलेलं, मुहूर्तावर लावायला. वाड्यावरच्या बायका जमल्या. सवयीने मी स्वयंपाकघराकडे वळले आणि जावेने सवयीने करवंटीला हात घातला. सासूबाई म्हणाल्या, थांब. त्या वृंदावनाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे तोंड करून. घसा खाकरला. मग जे मला सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत सांगितलं. चुना, बालदी, मुंग्या. नव्या सुनेवर आलं आणि आपण गप्प राहिलो. शेवटचं वाक्यसुद्धा गाळलं नाही.

मी अंगणाच्या मधोमध उभी होते. वाटलं होतं, बायका तोंडाला पदर लावतील, कुणी हळहळेल, कुणी माझ्याकडे वळून बघेल. कुणी काही केलं नाही. मग सासूबाईंच्या बरोबरीची शेजारीण, जिने तेव्हा घाटावरचा हात म्हटलं होतं, चिंचेचं बोटुक चोखत म्हणाली, "आमका ठावक आसा गे. माती पांढरी फट जाली होती. आमी काय आंधळी होतंव?"

दोघी-तिघींनी माना हलवल्या. जावेनेही. आजेसासूच्या भीतीने तेव्हा कुणी बोललं नव्हतं. त्या गेल्या तोपर्यंत मी झाडं मारणारी झाले होते, आणि मग कोण कशाला बोलणार? साऱ्या वाड्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, आणि, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, माझ्या नवऱ्याला.

मला हसू फुटलं. रडूही येत होतं, पण हसू आधी पोचलं, आणि मी तिथेच कठड्यावर टेकून पोट धरून हसले. बायकाही हसायला लागल्या, शेजारीण सर्वांत मोठ्याने. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी करवंटी जावेच्या हातातून काढून माझ्या हातात दिली. मी रोप लावलं. माती दाबली. नखांत माती गेली. मग त्यांनी पाण्याने भरलेला तांब्या उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. इतकी वर्षं ह्याच तांब्यावर डोळा ठेवून होते, आणि आता तो हातात आला तर मला कळेना. घटपर्णीला किती पाणी लागतं ते मी झोपेतून उठून सांगितलं असतं. तुळशीला किती लागतं?

"किती घालू, आई?" मी विचारलं.

"माका काय इचारतंस?" त्या म्हणाल्या. "माज्या हातान तर मेली ती."